समुद्राकडून माळाकडे : तीनशे किलोमीटर, सहा दिवस

घरात सहलीचा बेत सुरू झाला की पहिला प्रश्न हमखास एकच असतो : 'किती किलोमीटर?' आकडा कळला की घरातील कर्ता पुरुष मनातल्या मनात त्याला साठाने भागतो आणि निकाल देऊन टाकतो, 'अहो, पाच तासांचा रस्ता! सकाळी निघू, दुपारी जेवायला तिथे!' सपाट महामार्गावर हे गणित एखाद्या वेळी जमूनही जाईल. सह्याद्री ओलांडताना मात्र ते साफ चुकते, आणि त्याची किंमत मोजतात ती मागच्या सीटवर बसलेली माणसे.

बडोद्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र माझ्यासमोर आहे. मुलांना समुद्र हवा आहे. यजमानांना बेलूर-हळेबीडची शिल्पे पाहायची आहेत. सासूबाईंना शृंगेरीच्या शारदांबेचे दर्शन घ्यायचे आहे. सासूबाईंचे वय ७४, गुडघे दुखरे. 'सर्व मिळून तीनशे किलोमीटरच होतात, तर दोन दिवसांत आटोपून पुढे म्हैसूर-उटीही करावे, असे यजमान म्हणतात. आपले मत कळवावे.'

मत सरळ आहे. म्हैसूर-उटी पुढच्या वर्षी. या तीनशे किलोमीटरना सहा दिवस द्या. सासूबाईंना गाडीतून उतरवून, दर्शन घडवून, पुन्हा गाडीत कोंबण्याची यात्रा करण्यापेक्षा ठिकाणे कमी करा. एवढी दगदग काढण्याची उमेद दर वर्षी राहत नाही. पुढचा सारा बेत हीच गोष्ट धरून आखला आहे. ज्यांच्या घरी लहान मुले व वडीलधारी माणसे आहेत, त्या साऱ्यांनाच तो उपयोगी पडावा.

वाट कशी आहे

उडुपीहून निघायचे, हेब्रीवरून आगुंबे घाट चढायचा, शृंगेरी, मग कॉफीच्या मळ्यांतून चिकमगळूर, तेथून बेलूर, हळेबीड, हासन आणि शेवटी श्रवणबेळगोळ. टप्पे साधारण असे : उडुपी ते आगुंबे ५५ किलोमीटर, आगुंबे ते शृंगेरी ३०, शृंगेरी ते चिकमगळूर ९०, चिकमगळूर ते बेलूर २५, बेलूर ते हळेबीड १७, हळेबीड ते हासन ३०, हासन ते श्रवणबेळगोळ ५०. बेरीज होते सुमारे तीनशे. तेथून बंगळूर आणखी दीडशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे परतीची सोय सोपी.

या वाटेची खरी गंमत अशी की, सह्याद्रीचा सारा धडा ती गाडीच्या खिडकीतून शिकवते. समुद्राच्या पातळीवरून तुम्ही निघता. आगुंब्याला साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर येता. तिथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. चिकमगळूर शहर एक हजार मीटरच्या वर आहे. तेथून पूर्वेला उतरू लागलात की झाडी विरळ होते, नारळाच्या बागा व नाचणीची शेते दिसू लागतात, आणि श्रवणबेळगोळला पोहोचेपर्यंत पाऊस हजार मिलिमीटरच्याही खाली आलेला असतो. महाबळेश्वराहून वाईमार्गे फलटणकडे गेलेल्यांना हा बदल परका वाटणार नाही. ढग डोंगरावर रिते होतात आणि पलीकडच्या माळाला उरलेसुरले मिळते.

केव्हा जावे

ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. हवा कोरडी, घाट मोकळे, आकाश स्वच्छ. नोव्हेंबरपासून मळ्यांत कॉफीची तोडणी सुरू झालेली असते, त्यामुळे लाल फळांनी लगडलेली झुडपे आणि अंगणात वाळत घातलेली कॉफी पाहायला मिळते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची पहिली सर पडून गेली की आठ-दहा दिवसांत कॉफी फुलते. पांढऱ्याशुभ्र फुलांचा वास जाईजुईची आठवण करून देतो. पण हा बहर तीन-चार दिवसच टिकतो आणि तो पावसाच्या मर्जीवर असतो. त्याच्या भरवशावर रजा टाकू नये.

जून ते सप्टेंबर या काळात वडीलधाऱ्यांना घेऊन या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. पावसात हा प्रदेश अप्रतिम दिसतो यात शंका नाही. पण किनाऱ्यावरून वर येणाऱ्या घाटांत दरडी कोसळतात. मंगळूर-हासन रस्त्यावरचा शिराडी घाट २०१८ च्या पावसाळ्यात बंद ठेवावा लागला होता, तर चारमाडी घाट २०१९ मध्ये. रस्ता बंद झाला की वळसा शंभर-दीडशे किलोमीटरचा पडतो, आणि गाडीत रडकुंडीला आलेले मूल व औषधाची वेळ टळलेली आजी असली म्हणजे निसर्ग कुणालाच दिसत नाही. शिवाय पावसाळ्यात समुद्रातील बोटी बंद असतात आणि जंगलात पाऊल टाकताच जळवा चिकटतात.

गाडीचा हिशेब

उडुपीला कोकण रेल्वेने जाणे उत्तम. १९९८ मध्ये हा मार्ग पूर्ण सुरू झाला आणि मुंबईकरांना उडुपी एका रात्रीवर आली. मुंबईहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस आहे. गुजरात व दिल्लीकडून केरळला जाणाऱ्या काही गाड्याही उडुपीला थांबतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हे आरक्षण करताना ध्यानात ठेवावे. विमानाने यायचे तर मंगळूरचा विमानतळ सुमारे साठ किलोमीटरवर आहे.

उडुपीत टॅक्सी ठरवताना एका गोष्टीचा खुलासा आधीच करून घ्या. बाहेरगावच्या प्रवासाला बहुतेक टॅक्सीवाले रोजचे किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटर धरून पैसे लावतात. आपल्या बेतात रोजचे चालणे सरासरी पन्नास-साठ किलोमीटरचे. म्हणजे सहा दिवस गाडी जवळ ठेवली तर न धावलेल्या हजारभर किलोमीटरचे पैसे भरावे लागतील. त्याऐवजी तुकड्या-तुकड्यांनी गाडी करावी : उडुपी ते शृंगेरी एक, शृंगेरी ते चिकमगळूर दुसरी, आणि चिकमगळूरहून बेलूर-हळेबीड-श्रवणबेळगोळ करून बंगळूरला सोडणारी तिसरी. एकट्यादुकट्याला, सामान कमी असेल तर, या सर्व टप्प्यांवर बसही मिळतात. सामान व माणसे अधिक असतील आणि एकच गाडी बरी वाटत असेल, तर किलोमीटरच्या भावात न शिरता पूर्ण प्रवासाची एकच रक्कम ठरवावी. त्यात ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग आणि रिकाम्या परतीचा खर्च आला की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानातच येत नाही. ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार? आपण खोलीत पंख्याखाली आणि तो गाडीत डासांत, असे झाले तर दुसऱ्या दिवशी घाटात पेंगणाऱ्या माणसाच्या हाती आपण आपली मुले सोपवत असतो. हॉटेल ठरवतानाच 'ड्रायव्हरला झोपायला जागा व आंघोळीची सोय आहे का?' हे विचारा. नसेल तर शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस न करता त्याची व्यवस्था करा. त्याचे जेवणही आपल्या जेवणाच्या वेळीच झाले पाहिजे.

पहिला दिवस : उडुपी

पहिल्या दिवशी कुठेही धावू नका. आगगाडीचा शीण जाऊ द्या. सकाळी मुलांना मलपेच्या किनाऱ्यावर न्यावे. तिथून बोटीने सेंट मेरीज बेटावर जाता येते. बेटावरचे षटकोनी खांबांसारखे उभे खडक पाहून मुले विचारतील, 'हे कुणी बांधले?' कुणीच नाही. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून अलग होत असताना उसळलेला लाव्हा थंड होताना आक्रसला व त्याला अशा उभ्या भेगा पडल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या जागेला राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा दर्जा दिला आहे. बोटीत चढणे-उतरणे गुडघेदुखीच्या माणसाला त्रासाचे आहे. आजींनी सकाळी विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून श्रीकृष्ण मठात जावे.

मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात स्थापिलेल्या या कृष्णाचे दर्शन नऊ छिद्रांच्या चांदीने मढविलेल्या खिडकीतून घ्यायचे असते. धनगर समाजातील संतकवी कनकदासांना आत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा कृष्ण त्यांच्याकडे वळला व भिंतीला पडलेल्या फटीतून त्यांना दर्शन दिले, अशी कथा आहे. ती जागा 'कनकन किंडी' म्हणून दाखवतात. चोखोबांची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल. मठात पुरुषांना अंगातला शर्ट काढून आत जावे लागते, तेव्हा उपरणे जवळ असावे. पूजेचा अधिकार आठ मठांकडे आळीपाळीने दोन-दोन वर्षे जातो. हा 'पर्याय' सोहळा सम वर्षातील जानेवारीच्या मध्यावर होतो, तेव्हा शहरात खोली मिळणे मुष्कील. तारखा पाहूनच आरक्षण करा.

खाण्यासाठी उडुपीबद्दल सांगणे म्हणजे पुण्याच्या माणसाला मिसळीबद्दल सांगणे. तरी डोसा-इडलीवर न थांबता गोळीबजे, नीरडोसा आणि केळे घालून केलेले मंगळूर बन्स अवश्य खावेत. पत्रोडे मिळाले तर आपल्या अळूवडीची ही तांदळाची बहीण चाखून पाहावी.

दुसरा दिवस : घाट आणि तुंगा

सकाळी सातला निघावे. घाट चढायचा तो उजेडात आणि पोटात थोडेच असताना. ज्यांना गाडी लागते त्यांनी सकाळी दोन इडल्यांवर भागवावे, वडा-सांबार शृंगेरीसाठी राखून ठेवावे. अशा माणसाला पुढच्या सीटवर बसवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा. मुलांच्या हातातला मोबाइल घाट सुरू होण्यापूर्वी काढून घ्या. वळणांवर खाली मान घालून पडद्याकडे पाहणे हे ओकारीचे हुकमी कारण आहे. आल्याची वडी, आवळासुपारी, लिंबू हे घरगुती उपाय जवळ असावेत. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना आधी विचारून, निघण्यापूर्वी अर्धा तास द्यावी.

हेब्रीला चहा व स्वच्छतागृहासाठी थांबा. पुढे सोमेश्वर गाव लागते आणि मग चौदा तीव्र वळणांचा आगुंबे घाट सुरू होतो. घाट अरुंद आहे, अवजड वाहनांवर निर्बंध आहेत, पण मिनीबस येत-जात असतात. स्वतः गाडी चालवणार असाल तर तीन नियम पाळा. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या. वळणावर हॉर्न वाजवा आणि कधीही पुढच्या गाडीला मागे टाकू नका. घाट उतरण्याची वेळ आली, तर ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेकवर पाय ठेवू नका. तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. हा भाग अभयारण्याचा आहे. सिंहपुच्छ वानर या जंगलात राहतात. माकडांना केळी-बिस्किटे देऊ नका. खाऊची सवय लागली की ती गाड्यांखाली येतात.

आगुंब्याचा सूर्यास्त प्रसिद्ध आहे. हवा स्वच्छ असली तर घाटमाथ्यावरून थेट अरबी समुद्रात बुडणारा सूर्य दिसतो. इथे घरोघर एक वाद होतो : 'उडुपीहून दुपारी निघू, सूर्यास्त पाहू आणि मग शृंगेरी गाठू.' असे करू नये. सूर्यास्तानंतर पुढचे तीस किलोमीटर जंगलातून, अंधारात, कधी धुक्यात काढावे लागतात. सूर्यास्त पाहायचाच असेल तर आगुंब्यातच मुक्काम करावा. तिथे घरगुती राहण्याच्या मोजक्या जागा आहेत, आधी फोन करून ठरवाव्यात. नाहीतर सूर्यास्त सोडून द्यावा. सासूबाईंच्या सोबतीने जाणाऱ्यांना मी दुसरा मार्ग सुचवेन. सकाळच्या उन्हातली दरीही कमी देखणी नाही.

आगुंबे गाव मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना अधिक बोलावील. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज' मालिकेचे बरेच चित्रीकरण येथे झाले होते. नागराजांचे हे गावही आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये येथे वर्षावनाचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि नागराजावर बरेच काम झाले.

दुपारपूर्वी शृंगेरी. देऊळ दुपारी काही तास बंद असते, म्हणून आधी पोहोचलेले बरे. दर्शन घ्यावे, मठातील अन्नप्रसाद घ्यावा आणि संध्याकाळी पुन्हा निवांत जावे. आजींना इथे घाई करू नका. हा दिवस त्यांचा आहे. तुंगेच्या काठी पायऱ्यांवर बसून मोठमोठे मासे पाहण्यात मुलांचा तासभर सहज जातो. त्यांना कुणी पकडत नाही.

शेजारचे विद्याशंकर मंदिर चौदाव्या शतकातले. त्याच्या मंडपातील बारा खांबांवर बारा राशी कोरल्या आहेत, आणि त्या त्या महिन्यात सूर्यकिरण त्या त्या खांबावर पडावेत अशी रचना असल्याचे सांगतात. मराठी यात्रेकरूला इथे एक कडू पानही ठाऊक असावे. १७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी हा मठ लुटला होता. त्यानंतर देवीच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने मदत पाठवली, आणि त्याने स्वामींना लिहिलेली पत्रे मठाच्या दप्तरात सापडली आहेत. इतिहास नेहमी आपल्या सोयीने उभा राहत नाही, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

तिसरा व चौथा दिवस : कॉफीच्या सावलीत

शृंगेरी ते चिकमगळूर हे नव्वद किलोमीटर तीन तासांचे धरा. बाळेहोन्नूरला एक थांबा घ्या. रस्ता वळणांचा आहे. होरनाडूच्या अन्नपूर्णेश्वरीचा फाटा इथेच मोहात पाडतो, पण तिला वेगळा दिवस हवा. 'जाता जाता' होणारे ते ठिकाण नव्हे.

दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या सावलीत कॉफी, आणि त्याच झाडांवर चढलेले मिरीचे वेल दिसतात. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने मक्केहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि याच डोंगरांत लावल्या, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावाचा बाबाबुदनगिरी डोंगर शहराजवळच आहे.

इथे दोन रात्री एकाच जागी राहा, शक्य तर मळ्यातील घरगुती निवासात. रोज सामान बांधणे-सोडणे हा सहलीतला सर्वांत मोठा शीण असतो आणि तो नेहमी घरच्या बाईच्याच वाट्याला येतो. एक दिवस तरी तिला सुट्टी मिळू द्या! खोली ठरवताना तळमजला, कमोड, गरम पाणी आणि पथ्याचे जेवण या चार गोष्टी विचारून घ्याव्यात. जेवायला अक्की रोटी व कडुबू सांगावे आणि ज्वारीची भाकरी खाणाऱ्याने तांदळाच्या या थापलेल्या रोटीचे कौतुक करावे.

चौथ्या दिवशी ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी पहाटे मुळ्ळयनगिरीला जावे. १,९३० मीटर उंचीचे हे कर्नाटकातील सर्वोच्च शिखर. गाडीरस्ता शेवटी फार अरुंद होतो आणि वर देवळापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. गर्दीमुळे येथे येणाऱ्या वाहनांवर प्रशासन निर्बंध घालते, तेव्हा आदल्या दिवशी नियम विचारून घ्या. शनिवार-रविवार टाळलेलेच बरे. आजींनी मळ्यात ऊन खात बसावे. सर्वांनी सर्व काही पाहिलेच पाहिजे, हा हट्ट सोडला की सहलीतली निम्मी भांडणे मिटतात.

पाचवा दिवस : दगडाचे भरतकाम

बेलूरचे चेन्नकेशव मंदिर होयसळ राजा विष्णुवर्धनाच्या काळी, १११७ मध्ये प्रतिष्ठित झाले. हळेबीडचे होयसळेश्वर मंदिर त्यानंतर काही वर्षांत सुरू झाले. दोन्ही मंदिरे व सोमनाथपूरचे मंदिर यांचा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हे होयसळ म्हणजे आपल्या देवगिरीच्या यादवांचे प्रतिस्पर्धी. कृष्णा-तुंगभद्रेच्या प्रदेशासाठी या दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या.

इतके बारीक काम दगडात कसे जमले, याचे उत्तर दगडातच आहे. हा मऊ, शंखजिऱ्याच्या जातीचा दगड. खाणीतून काढल्यावर तो सहज कोरता येतो आणि हवेत राहून हळूहळू कठीण होतो. बेलूरला छताखाली तिरप्या बसविलेल्या मदनिका पाहा. एक आरशात पाहते आहे, एकीच्या हातावर पोपट आहे, एकीचे वस्त्र माकड ओढते आहे. हळेबीडला भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग पाहा, मग वर सिंह, वेलबुट्टी, घोडेस्वार, आणि त्यावर रामायण-महाभारतातील प्रसंग. मुलांना एक खेळ द्यावा : 'दोन अगदी एकसारखे हत्ती शोधून दाखवा.' अर्धा तास ती भिंतीपासून हलणार नाहीत. १३११ मध्ये मलिक काफूरच्या स्वारीत हे नगर लुटले गेले. ती पडझड मनात धरून उरलेले पाहिले की ते अधिक मोलाचे वाटते.

दोन्ही ठिकाणी अधिकृत वाटाड्या घ्या, त्याच्याशिवाय निम्मे दिसत नाही. पादत्राणे काढावी लागतात आणि दुपारी फरशी तापते. बेलूर सकाळी, हळेबीड दुपार कलल्यावर ठेवा. मुक्काम हासनला.

सहावा दिवस : गोमटेश्वर

हासनहून सकाळी लवकर निघून उन्हे चढण्यापूर्वी श्रवणबेळगोळ गाठा. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या खडकातच कोरलेल्या आहेत व त्या अनवाणी चढायच्या आहेत. जाड मोजे जवळ ठेवावेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. भाव आधी ठरवावा आणि आजींना संकोच वाटत असेल तर त्यांना समजावावे की, भक्तीचे मोजमाप गुडघ्यांनी होत नाही. त्यांचे मन नसेल तर खाली कल्याणी तळ्याकाठी सावलीत बसण्यासारख्या जागा आहेत. एक माणूस त्यांच्यापाशी थांबावा, त्यांना एकटे ठेवू नये.

वर अखंड शिळेतून कोरलेली सुमारे ५७ फुटांची बाहुबलीची मूर्ती आहे. गंग राजांचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ती घडवविली. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो. मागचा २०१८ मध्ये झाला, पुढचा २०३० मध्ये येतो.

मूर्तीचा चेहरा पाहून झाला की नजर पायांशी आणा. तिथे कानडी व तमिळ लेखांबरोबर मराठीतल्या दोन छोट्या ओळी कोरलेल्या आहेत. पहिलीचा अर्थ, ही मूर्ती चावुंडरायाने करविली. दुसरीचा अर्थ, भोवतालचा परिसर गंगराजाने बांधविला. हा गंगराज विष्णुवर्धनाचा सेनापती होता. या ओळी नेमक्या कधी कोरल्या याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत त्यांची गणना होते. कर्नाटकाच्या अंतर्भागात, एका जैन तीर्थावर आपली भाषा दगडात उभी आहे. आजूबाजूला मोबाइलवर फोटो काढण्याची गर्दी असली तरी मुलांना तेवढ्या ओळी बोटाने दाखवाव्यात.

बरोबर काय असावे

सर्वांची नेहमीची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवा; एक बॅग हरवली तरी गोळ्या चुकू नयेत. घाटात व मळ्यांत मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कागदावर मुक्कामांचे पत्ते व फोन लिहून घ्या. मोबाइलने पैसे देण्याची सवय झाली असली तरी थोडी रोकड हवीच. पेट्रोल उडुपी, शृंगेरी व चिकमगळूरला भरून घ्या. आगुंब्यासाठी एखादा स्वेटर, कागदी पिशव्या, जुने टॉवेल, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. अंधार पडण्यापूर्वी तासभर आधी मुक्कामी पोहोचायचे, हा नियम सहाही दिवस मोडू नये.

पाच-सहा कानडी शब्दही घेऊन जा. 'बिसि नीरु' म्हणजे गरम पाणी, 'ऊट' म्हणजे जेवण, 'एष्टु' म्हणजे किती, 'साकु' म्हणजे पुरे. आणि ड्रायव्हरला सांगायचा सर्वांत महत्त्वाचा शब्द 'निधान'. मराठीत त्याचा अर्थ ठेवा, धन. कानडीत त्याचा अर्थ सावकाश.

ज्यांच्याकडे चारच दिवस आहेत त्यांनी उडुपीचा किनारा व मुळ्ळयनगिरी वगळावे, शृंगेरी आणि बेलूर वगळू नये. बंगळूरहून रात्रीची गाडी पकडायची असेल तर श्रवणबेळगोळहून दुपारी दोनच्या आत निघा. अंतर फार नाही. पण शहराच्या वेशीवर वाहनांची रांग लागते, आणि तिथे पुन्हा किलोमीटरचा हिशेब कामाला येत नाही.